अकरा सामन्यांत तीन विजय: डॅलसच्या मालकांनी निको हॅरिसन यांना नेमके कशासाठी काढले?

मैदानवासी (धागालेखक)

अमेरिकेतील एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधल्या डॅलस मॅव्हरिक्स संघाने ११ नोव्हेंबर २०२५ रोजी आपले जनरल मॅनेजर निको हॅरिसन यांना पदावरून दूर केले. त्या दिवशी संघाच्या खात्यावर तीन विजय आणि आठ पराभव होते. एनबीएचा हंगाम ८२ सामन्यांचा असतो, त्यामुळे अकरा सामने म्हणजे जेमतेम सुरुवात. एवढ्या पराभवांवरून सहसा प्रशिक्षकालाही घरी पाठवत नाहीत. इथे मात्र प्रशिक्षक जेसन किड जागेवर राहिले आणि जनरल मॅनेजर गेले. हे का झाले असावे, यावर इथे सविस्तर चर्चा व्हावी म्हणून त्याच महिन्यात हा धागा काढत आहे.

ज्यांचे एनबीएकडे नियमित लक्ष नसते त्यांच्यासाठी आधी थोडी पार्श्वभूमी देतो. मैदानावर कोणते पाच खेळाडू उतरतील हे प्रशिक्षक ठरवतो. पण मुळात संघात कोण असेल, कोणाशी किती वर्षांचा करार होईल, कोणाच्या बदल्यात कोणाला घ्यायचे आणि ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, कोणाला निवडायचे, हे सारे जनरल मॅनेजरच्या अखत्यारीत येते. प्रशिक्षकाची चूक त्याच रात्री गुणफलकावर दिसते. जनरल मॅनेजरची चूक दिसायला एखादे वर्ष जाते आणि तिचे परिणाम पाच-सात वर्षे निस्तरावे लागतात, कारण खेळाडूंचे करार बहुतांशी हमीचे असतात आणि पगारमर्यादेमुळे नुसता पैसा ओतून चूक पुसता येत नाही.

हॅरिसन यांची चूक कोणती मानली गेली, हे सर्वांना ठाऊक आहे. २०२५ च्या फेब्रुवारीच्या सुरुवातीला त्यांनी लुका डॉन्चिच याला लॉस एंजेलिस लेकर्सकडे पाठवले आणि त्याच्या बदल्यात अँथनी डेव्हिस, मॅक्स क्रिस्टी आणि लेकर्सचा २०२९ मधील पहिल्या फेरीचा एक ड्राफ्ट-हक्क घेतला. डॉन्चिच तेव्हा २५ वर्षांचा होता, सलग पाच वर्षे लीगच्या सर्वोत्तम पाचांत निवडला गेला होता आणि आठ महिन्यांपूर्वीच त्याने संघाला अंतिम फेरीत नेले होते. बचावाच्या बळावर विजेतेपद मिळते आणि हा संघ पुढच्या तीन-चार वर्षांत जिंकण्यासाठी बांधला आहे, असे हॅरिसन यांचे म्हणणे होते.

त्यानंतर जे घडले ते क्रमाने पाहिले तरी पुरे. डेव्हिस ८ फेब्रुवारीला ह्यूस्टनविरुद्ध पहिला सामना खेळला, २६ गुण आणि १६ रिबाउंड अशी सुरेख कामगिरी केली आणि त्याच सामन्यात दुखापत होऊन कित्येक आठवडे बाहेर बसला. ३ मार्चला संघातला दुसरा मोठा खेळाडू कायरी अर्विंग याच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. संघ ३९ विजय आणि ४३ पराभवांवर थांबला आणि प्लेऑफच्या, म्हणजे बाद फेरीच्या, उरलेल्या जागांसाठीच्या प्ले-इन सामन्यांत मेम्फिसकडून हरला. मे महिन्यात अवघी १.८ टक्के शक्यता असताना ड्राफ्टच्या सोडतीत पहिला क्रमांक लागला आणि कूपर फ्लॅग हा नवा तरुण खेळाडू मिळाला. नवा हंगाम सुरू झाला तेव्हा अर्विंग अजून परतला नव्हता, डेव्हिस ऑक्टोबर संपण्याआधीच पुन्हा जखमी झाला आणि संघाचे आक्रमण लीगमधल्या सर्वांत कमकुवत आक्रमणांपैकी एक ठरले.

माझे मत असे आहे की पराभव हे निमित्त होते. मालक जनरल मॅनेजरला काढतो तो मागच्या निर्णयाची शिक्षा म्हणून कमी, आणि पुढचा निर्णय त्याच्या हाती देता येत नाही म्हणून जास्त. डॅलसपुढचा पुढचा निर्णय स्पष्ट आहे: ३२ वर्षांचा डेव्हिस आणि १८ वर्षांचा फ्लॅग यांच्यापैकी कोणाच्या वयानुसार संघ बांधायचा? डेव्हिसला दुसरीकडे पाठवणे म्हणजे डॉन्चिचचा सौदा फसला हे जाहीरपणे मान्य करणे. ज्याने तो सौदा केला, ज्याने त्यापायी शहराचा रोष ओढवून घेतला, तो माणूस हा निर्णय निष्पक्षपणे घेऊ शकेल का? माणूस कितीही प्रामाणिक असला तरी आपलाच निर्णय खरा ठरावा म्हणून तो आणखी थोडी वाट पाहील, आणि डॅलसजवळ वाट पाहायला वेळ नाही.

वेळ नाही असे म्हणण्याचे कारण ड्राफ्ट-हक्कांत आहे. डॅलसला स्वतःचा २०२६ चा हक्क पूर्णपणे आपल्या मर्जीने वापरता येईल. त्यानंतर २०२७ चा हक्क, तो पहिल्या दोन क्रमांकांत आला नाही तर, शार्लटकडे जातो. २०२८ मध्ये ओक्लाहोमा सिटीला आणि २०३० मध्ये सॅन अँटोनियोला अदलाबदलीची, म्हणजे दोन्ही संघांच्या क्रमांकांपैकी वरचा स्वतःकडे घेण्याची, मुभा आहे. आणि २०२९ चा हक्क ह्यूस्टनकडे गेलेला आहे. हे व्यवहारही हॅरिसन यांच्याच कारकिर्दीतले आहेत. म्हणजे संघाची नव्याने बांधणी करायची असेल तर तिची सुरुवात याच हंगामात व्हायला हवी, हे मालकांना नोव्हेंबरमध्येच दिसत असणार.

प्लेनोकर

मी टेक्सासमध्ये प्लेनोला राहतो आणि हॅरिसन यांना काढण्याच्या आदल्या रात्री, सोमवारी, मिलवॉकीविरुद्धच्या सामन्याला अमेरिकन एअरलाइन्स सेंटरमध्ये होतो. मैदानवासी, तुमचे ड्राफ्ट-हक्कांचे विवेचन मला मान्य आहे, पण त्या सभागृहात बसलेल्या माणसाला कारण इतके दूरचे वाटले नसते.

सामना संपत आला होता, संघ दोन गुणांनी मागे होता आणि आमचा पी. जे. वॉशिंग्टन फ्री थ्रोच्या (कोणी न अडवता चेंडू टाकण्याच्या) रेषेवर उभा होता. एरवी अशा वेळी घरच्या खेळाडूला एकाग्र होता यावे म्हणून आपले प्रेक्षक श्वास रोखून बसतात. त्या रात्री त्याच क्षणी ‘निकोला काढा’ या घोषणा टिपेला पोहोचल्या. वॉशिंग्टनने चेंडू दोनदा जमिनीवर आपटला, मान वर केली, आणि घोषणा थांबत नव्हत्या. सामना ११६-११४ असा गेला. आपलाच खेळाडू बरोबरी साधण्यासाठी उभा असताना आपल्याच लोकांना त्याच्यापेक्षा वरच्या कार्यालयातला माणूस महत्त्वाचा वाटावा, इतकी ही जखम खोल होती. संघाचे कारभारी मालक पॅट्रिक ड्युमॉन्ट त्या रात्री मैदानालगतच बसलेले होते, त्यामुळे हे सारे त्यांनी अगदी जवळून ऐकले.

इथल्या माणसांना डॉन्चिच का इतका जिव्हाळ्याचा होता, हे आकड्यांतून कळणार नाही. २०१८ मध्ये तो १९ व्या वर्षी आला आणि इथेच मोठा झाला. त्याआधी डर्क नोवित्स्की २१ हंगाम याच एका संघासाठी खेळला होता. उत्तम खेळाडू इथे येतो आणि इथूनच निवृत्त होतो, असे या शहराने एक नाते गृहीत धरले होते. २०२५ च्या एप्रिलमध्ये डॉन्चिच लेकर्सच्या वेषात इथे आला, सामन्याआधी दाखवलेली चित्रफीत पाहून त्याला रडू आवरले नाही आणि मग त्याने ४५ गुण केले. माझ्या शेजारचे गृहस्थ, जे वर्षानुवर्षे हंगामी तिकीट काढत आले आहेत, त्यांनी त्या रात्री दोन्ही संघांपैकी कोणासाठीच टाळ्या वाजवल्या नाहीत. त्यातच सौद्यानंतर महिन्याभरात हंगामी तिकिटांचे दर सरासरी ८ टक्क्यांहून अधिक वाढवले गेले. मालकाला शेवटी हीच माणसे पुन्हा सभागृहात आणायची असतात, आणि हॅरिसन पदावर असेपर्यंत त्यांच्याशी बोलणेच शक्य राहिले नव्हते. काढल्याच्या दिवशी ड्युमॉन्ट यांनी चाहत्यांना उद्देशून पत्र लिहिले, यातच सगळे आले.

सुनीति

दोन्ही प्रतिपादने मनापासून वाचली, तरी एक प्रश्न कोणी विचारलेला नाही. जनरल मॅनेजर एवढा मोठा सौदा मालकाच्या संमतीशिवाय करू शकत नाही. ड्युमॉन्ट यांनी होकार दिला होता, आणि सौद्यानंतर स्थानिक वृत्तपत्राला मुलाखत देऊन त्यांनी मेहनती खेळाडूंचे दाखले देत त्याचे जाहीर समर्थनही केले होते. मग शिक्षा एकट्या हॅरिसन यांना का?

मालकीचा इतिहासही इथे लक्षात घ्यायला हवा. डॅलसचे आधीचे मालक मार्क क्युबन यांनी २०२३ च्या डिसेंबरमध्ये बहुसंख्य हिस्सा मिरियम ॲडेलसन आणि ड्युमॉन्ट यांच्या कुटुंबांना विकला. नवे मालक लास व्हेगासमधल्या कॅसिनो-व्यवसायातले. बास्केटबॉल त्यांना नवे. अशा मालकाला तज्ज्ञावर विसंबण्यावाचून पर्याय नसतो, आणि जोवर संघ जिंकतो तोवर ते सोपेही असते. २०२४ मध्ये बॉस्टनविरुद्धची अंतिम फेरी ४-१ अशी गमावली असली, तरी तिथवर पोहोचणारा संघ हॅरिसन यांनीच उभा केला होता. अर्विंगला त्यांनी आणले, डेरेक लाइव्हलीला ड्राफ्टमध्ये त्यांनी घेतले, वॉशिंग्टन आणि डॅनियल गॅफर्ड यांना हंगामाच्या मध्यात त्यांनीच आणले. जेलन ब्रन्सनसारखा खेळाडू हातचा गेला हा ठपका त्यांच्या काळावर आहे खरा, पण बाकीचे काम पाहता मालकांनी त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवला यात मला अस्वाभाविक काही दिसत नाही.

तरीही विश्वास ठेवणे हाही एक निर्णयच आहे आणि त्याची जबाबदारी मालकाची आहे. या बाबतीत सॅक्रॅमेंटो किंग्जचे उदाहरण मला फार बोलके वाटते, कारण तिथले प्रमुख मालक विवेक रणदिवे मूळचे मुंबईचे असल्यामुळे आपल्याकडे त्यांच्याविषयी आपुलकीने बोलले जाते. त्यांनी २०१३ मध्ये संघ घेतला. तेव्हापासून पीट डी’अलेसांद्रो, व्लादे दिवाच, मॉन्टे मॅकनेअर आणि २०२५ मध्ये स्कॉट पेरी असे जनरल मॅनेजर झाले. दिवाच यांनी २०१८ च्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर मार्विन बॅगलीला घेतले आणि याच डॉन्चिचला सोडले. २०२० मध्ये ते गेले. मॅकनेअर यांच्या काळात संघ १६ हंगामांनंतर प्रथमच प्लेऑफमध्ये पोहोचला, पण २०२५ च्या एप्रिलमध्ये प्ले-इनचा सामना डॅलसकडून हरल्यावर त्याच रात्री त्यांनाही निरोप मिळाला. चार माणसे बदलली आणि अस्थिरता कायम राहिली, तेव्हा दोष चौघांचाच होता असे मानणे मला कठीण जाते.

आकडेमोड

सुनीतिताई, मालकाच्या जबाबदारीविषयी तुमच्याशी पूर्ण सहमत आहे. तरीही हॅरिसन यांना काढणे मला योग्य वाटते. डॉन्चिचला पाठवण्याचा विचार क्षणभर बाजूला ठेवा आणि फक्त किंमत पाहा.

२०२४ च्या उन्हाळ्यात न्यू यॉर्क निक्सने मिकाल ब्रिजेससाठी ब्रुकलिनला पहिल्या फेरीचे पाच हक्क दिले आणि शिवाय एका वर्षीच्या अदलाबदलीची मुभा दिली. ब्रिजेस चांगला, कष्टाळू, कधी सामना न चुकवणारा खेळाडू आहे. पण तो कधी ऑल-स्टारही (हंगामातल्या निवडक खेळाडूंच्या प्रदर्शनी सामन्यासाठी निवडलेला) झालेला नव्हता. डॉन्चिचसाठी डॅलसला पहिल्या फेरीचा एकच हक्क मिळाला. डेव्हिस हा मोठा खेळाडू आहे हे मान्य केले, तरी तो डॉन्चिचपेक्षा सहा वर्षांनी मोठा आहे आणि त्याच्या दुखापतींचा इतिहास सौद्याच्या दिवशीही सर्वांसमोर होता.

एवढी कमी किंमत का आली? वाटाघाटी हॅरिसन आणि लेकर्सचे जनरल मॅनेजर रॉब पेलिंका या दोघांत जवळपास महिनाभर गुप्तपणे चालल्या. बाकीच्या २८ संघांना डॉन्चिच उपलब्ध आहे हे कळलेच नाही. गुप्ततेचे कारण समजण्यासारखे आहे: बातमी फुटली असती तर चाहत्यांच्या दबावाखाली सौदा होऊच शकला नसता. पण ज्या व्यवहाराला उजेड सोसत नाही, त्याची योग्य किंमतही कधी कळत नाही. क्युबन यांचाही आक्षेप मुख्यतः हाच होता, की पाठवायचेच होते तर अधिक मोबदला घ्यायचा.

दुसरी बाजू पैशांची आहे. डॉन्चिच डॅलसमध्ये राहता तर २०२५ च्या उन्हाळ्यात त्याला पाच वर्षांसाठी सुमारे ३४.५ कोटी डॉलरचा करार देता आला असता. त्याची तंदुरुस्ती पाहता इतकी रक्कम गुंतवावी का, हा प्रश्न कोणत्याही जबाबदार व्यवस्थापकाने विचारलाच पाहिजे. तेव्हा हॅरिसन यांचा प्रश्न बरोबर होता असे मी म्हणेन. उत्तर शोधण्याची रीत चुकली. निकाल दुर्दैवाने बिघडला तर मालक एखाद्याला आणखी संधी देऊ शकतो. रीतच चुकलेली असेल तर तीच रीत पुढच्या सौद्यातही वापरली जाणार, ही भीती राहते. म्हणून धागालेखकांच्या मूळ मुद्द्याशी मी सहमत आहे, फक्त कारण वेगळे देतो.

उत्तररंग

मला मूळ मुद्दाच पटलेला नाही. आपल्या जुन्या निर्णयाचे समर्थन करावे लागते म्हणून माणूस जातो, असे असेल तर फिलाडेल्फियाचे जनरल मॅनेजर सॅम हिंकी यांचे काय? त्यांनी २०१३ पासून जाणूनबुजून वर्तमान सोडून दिले आणि भविष्यातले ड्राफ्ट-हक्क गोळा केले. संघाने तीन हंगामांत अनुक्रमे १९, १८ आणि १० सामने जिंकले. त्यांच्या हातात बचाव करण्यासारखा फसलेला मोठा सौदा नव्हता, उलट तिजोरी भरलेली होती. जोएल एम्बीड पहिले दोन हंगाम दुखापतीमुळे एकही सामना खेळला नव्हता, पण तो संघात होता. तरी २०१५ च्या डिसेंबरमध्ये मालक जॉश हॅरिस यांनी ज्येष्ठ कारभारी जेरी कोलँजेलो यांना हिंकी यांच्या डोक्यावर आणून बसवले आणि एप्रिल २०१६ मध्ये हिंकी यांनी १३ पानी पत्र लिहून राजीनामा दिला. त्याला नाव राजीनाम्याचे असले तरी तशी वेळ आणली गेली, हे उघड आहे. दोनच महिन्यांनी त्यांच्या संघाला ड्राफ्टमध्ये पहिला क्रमांक मिळाला आणि त्याच शरद ऋतूत एम्बीड मैदानावर उतरला.

मला वाटते, कारण इतके बौद्धिक नसते. हरण्याची लाज मालकाला सहन होईनाशी होते, इतर मालक आणि लीग त्याच्याकडे बोट दाखवू लागतात, आणि त्या दबावाला वाट करून देण्यासाठी कोणाला तरी जावे लागते.

मैदानवासी (धागालेखक)

उत्तररंग, हिंकी यांचे उदाहरण तुम्ही आणले हे फार चांगले केले. लाज आणि दबाव असतोच, ते मी नाकारत नाही. पण त्या वेळी फिलाडेल्फियाच्या मालकांपुढे पुढचा निर्णय कोणता होता, ते पाहा. साठवलेले हक्क आता खर्च करायचे, अनुभवी खेळाडू आणायचे आणि जिंकायला लागायचे. तीन वर्षे ज्याने फक्त साठवण केली, तो कधीतरी खर्च करील याची खात्री मालकांना वाटेना. म्हणजे जुन्या निर्णयाचे समर्थन हे एक कारण झाले. त्यामागचे मोठे कारण, पुढचे काम या हातांनी होईल का, हे तिथेही लागू पडते. हिंकी यांच्यावर अन्याय झाला असे मला आजही वाटते, तो भाग वेगळा.

आता ब्रुकलिन पाहा, कारण डॅलसशी सर्वांत जवळचे साम्य तिथे आहे. रशियन उद्योगपती मिखाइल प्रोखोरोव्ह यांनी २०१० मध्ये नेट्स संघ घेतला आणि पाच वर्षांत विजेतेपद मिळवण्याचे जाहीर केले. ही घाई मालकाची होती. ती भागवण्यासाठी जनरल मॅनेजर बिली किंग यांनी २०१३ मध्ये बॉस्टनकडून केविन गार्नेट आणि पॉल पिअर्स यांना आणले आणि बदल्यात २०१४, २०१६ आणि २०१८ चे पहिल्या फेरीचे हक्क आणि २०१७ मध्ये अदलाबदलीची मुभा दिली. गार्नेट तेव्हा ३७ वर्षांचे होते आणि पिअर्स ३५. जानेवारी २०१६ मध्ये संघ १० विजय आणि २७ पराभवांवर होता तेव्हा प्रोखोरोव्ह यांनी प्रशिक्षक लायनेल हॉलिन्स यांना काढले आणि किंग यांनाही त्यांच्या पदावरून हलवले. त्या हंगामात हरण्यातून काही मिळण्याचीही सोय उरलेली नव्हती, कारण पराभवांनी जो उंच क्रमांक आला तो बॉस्टनला गेला आणि त्यातून त्यांनी जेलन ब्राउनला घेतले. पुढच्या वर्षीच्या अदलाबदलीतून पुढे जेसन टेटम बॉस्टनला मिळाला. २०२४ च्या अंतिम फेरीत डॅलसला हरवणाऱ्या बॉस्टन संघाचे हे दोघे आधारस्तंभ होते.

इथे सुनीतिताईंचा प्रश्न अधिक धारदार होतो. किंग यांनी जे केले ते मालकाच्या मुदतीत बसवण्यासाठी केले, आणि मुदत संपल्यावर मालक राहिले, किंग गेले. मालकाला कोणी काढू शकत नाही, ही या व्यवस्थेतली मूळ विषमता आहे. तिच्यावर उपाय नाही, पण निदान एवढी अपेक्षा करता येते की मालकाने माणूस बदलताना त्याला दिलेली मुदतही बदलावी. प्रोखोरोव्ह यांनी किंग यांच्या जागी शॉन मार्क्स यांना आणले तेव्हा ते झाले: पाच वर्षांत विजेतेपदाची भाषा थांबली आणि हक्क हाताशी नसतानाही संघ शांतपणे बांधायला मार्क्स यांना अवधी मिळाला. तीन वर्षांनी तो संघ प्लेऑफमध्ये होता. सॅक्रॅमेंटोत माणसे बदलली पण अधीरपणा तोच राहिला, असे मला दिसते.

प्लेनोकर

मग डॅलसमध्ये मुदत बदलली आहे का, हे कसे ओळखायचे? इथे आता सर्वांच्या मनात एवढेच आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये मायकेल फिन्ली आणि मॅट रिकार्डी यांच्याकडे मिळून तात्पुरता कारभार दिला गेला. फिन्ली याच संघाकडून वर्षानुवर्षे खेळलेले असल्यामुळे लोक त्यांना आपले मानतात, आणि घोषणा थांबल्या आहेत. पण तात्पुरत्या माणसाला डेव्हिससारखा मोठा व्यवहार करण्याची मुभा ड्युमॉन्ट देतील का?

मैदानवासी (धागालेखक)

तीच खरी कसोटी आहे. खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत ५ फेब्रुवारी २०२६ ला संपते. तोवर कायमचा जनरल मॅनेजर नेमला नाही तर दोन शक्यता राहतात: एक, फिन्ली आणि रिकार्डी यांना पूर्ण अधिकार देणे, दुसरी, ड्युमॉन्ट यांनी स्वतः सूत्रे हाती घेणे. दुसरी शक्यता मला काळजीची वाटते, कारण हॅरिसन यांचा युक्तिवाद ज्यांना पटला होता त्यांच्याकडेच निर्णय परत जाईल.

चाहत्यांनी तीन गोष्टींवर लक्ष ठेवावे असे मी सुचवेन. डेव्हिस तंदुरुस्त होऊन परतल्यावर त्याच्यासाठी एकाच संघाशी बोलणी होतात की सगळ्या बाजाराला विचारले जाते; आकडेमोड यांनी म्हटलेली रीत सुधारली की नाही ते त्यातून कळेल. मोबदल्यात २०२७ ते २०३० या काळातले ड्राफ्ट-हक्क मागितले जातात की पुन्हा तयार खेळाडू. हातचे गेलेले हक्क भरून काढायचे तर दुसरा मार्ग नाही. आणि किड यांनी हंगामाच्या सुरुवातीला फ्लॅगवर चेंडू पुढे नेण्याची जबाबदारी टाकली होती, ती त्याच्या नैसर्गिक जागेवरून त्याला हलवणारी होती. ते थांबते का. तिसरी गोष्ट प्रशिक्षकाची आहे असे कोणी म्हणेल, पण दर्जेदार पॉइंट गार्ड (चेंडू पुढे नेऊन आक्रमण आखणारा खेळाडू) संघात नसेल तर प्रशिक्षक तरी काय करणार? अर्विंग नसताना ती जागा कोण भरणार, याची तजवीज उन्हाळ्यात करायला हवी होती, आणि ते काम हॅरिसन यांचे होते.